खळ्यावरचा गहू

काकूंनी एक दाणा दाताखाली धरला. कटकन फुटायचा सोडून तो नुसता चेपला. म्हणजे अजून ओल होती. असा गहू पोत्यात भरून ठेवला तर बुरशी धरणार, आणि त्यांच्या अंगणात निम्मासुद्धा मावत नव्हता. त्यांनी हातगाडी काढली आणि एकेक पोतं गावाच्या खळ्यावर नेलं.

खळं म्हणजे दगडी फरशीचं मोठं वर्तुळ. एके काळी सुगीत तिथल्या जागेवरून भांडणं व्हायची. मग रस्त्याकडेची शेतं गोदामांना गेली, घरांवर मजले चढले आणि खळ्यावर कुत्री झोपू लागली. काकूंचा पुतण्या जमिनींच्या व्यवहारात पडल्यापासून सगळे त्याला ‘साहेब’ म्हणत. त्यानेच बैठकीत ठरवून घेतलं होतं, की खळं कुणी वापरत नाही, तर तिथे खडी टाकून ट्रक उभे करायचे.

काकू दाताळ्याने थर सारखा करत होत्या, तोच खडीचा ट्रक आला. मागून मोटारसायकलवर साहेब.

“काकू, हे काय मांडलंयस?”

“गहू. विसरलास होय रे?”

“उचल. खडी टाकायचीय.”

“वाळला की उचलते.”

“कधी वाळणार?”

“उन्हाला विचार.”

“अगं, सबंध गावाने ठरवलंय!”

“मी काय गावाबाहेरची? तेव्हाच नाही म्हटलं होतं. तू कानात बोळे घालून बसला होतास.”

साहेबाने चालकाला हात केला. “घे पुढे.”

चालकाने इंजिनच बंद केलं. “साहेब, खड्ड्यात घाल म्हणा, घालतो. गव्हावरून चाक नाही नेणार. आईला कळलं तर घरात घ्यायची नाही.”

“आई बघायला येणारे का इथे?”

“तुमची काकू बघतेय ना.”

साहेब स्वतःच चालकाच्या जागी चढून बसला. ट्रक गुरगुरत पुढे आला. काकू दाताळं टेकवून जागच्या जागी उभ्या राहिल्या. चाक फरशीच्या कडेला लागलं. इंजिन थोडा वेळ धडधडलं, मग साहेबानेच ते बंद केलं.

शेजारीण पोतं घेऊन आली. “काकू, सरका जरा. माझाही पसरते.”

“तुझं शेत तर गेलं की गोदामात.”

“गेलं. हा विकतचा आहे. त्याला काय ऊन लागत नाही?”

मग कुणी डाळ आणली, कुणी मिरच्या. दुपारपर्यंत फरशी दिसेनाशी झाली.

साहेब ट्रकच्या सावलीत फोनवर कुणाची तरी समजूत घालत होता, “हो, जागा रिकामीच आहे, फक्त आज जरा...” इतक्यात दोन कावळे गव्हात उतरले.

“हुशऽ! हुशऽ!” साहेब हात उगारून धावला. कावळे उडाले. फोनमधला माणूस हॅलो हॅलो करत राहिला.

“पलीकडे चिमण्याही बसल्यात,” काकू म्हणाल्या. “आणि जाताना बूट काढ.”