स्वच्छ कॅसेट

“इथे होती,” भावोजी म्हणाले आणि त्यांनी टेप थांबवला. “मास्तर ‘पायवाट’ हा शब्द म्हणायच्या जरा आधी. आली ऐकू?”

मला मास्तर ऐकू आले होते, त्यांची गिटार ऐकू आली होती, सभागृहातल्या पंख्यांची घरघरसुद्धा ऐकू आली होती. ताई काही ऐकू आली नव्हती.

“नाही हो, भावोजी.”

“नाहीच येणार. मीच काढलीये.” त्यांनी कॅसेट डबीत घातली आणि दुसरी उचलली. “पण एखादीत राहिली असेल. माणूस चुकतो कुठेतरी. तुझे कान तयार आहेत, म्हणून बोलावलं तुला.”

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. दिवसभर हेडफोन कानाला लावून बसायचं आणि लोकांचे आवाज इकडून तिकडे जोडून द्यायचे. फोनला तेव्हा वायर असायची आणि त्यात कुणाचा आवाज साठून राहत नसे. ताईला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सकाळी दूध गॅसवर ठेवून ती खुर्चीत जरा टेकली, ती पुन्हा उठली नाही. दूध उतू गेल्याचा वास पुढच्या खोलीत आला तेव्हा भावोजींना कळलं.

त्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत कॅसेट, दोन टेपरेकॉर्डर आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी. ताई तिला ‘माझी सवत’ म्हणायची. सवतीची रोज झाडलोट मात्र तीच करायची.

“चेहरा आठवतो गं तिचा,” भावोजी कॅसेट लावता लावता म्हणाले. “आवाज आठवायला जातो तर माझाच येतो. ती बोललेली वाक्यं सगळी पाठ आहेत, पण कानात माझ्याच आवाजात ऐकू येतात. एकदा ऐकायला मिळाली ना, तर पुन्हा नाही विसरणार मी.”

मी रिकामी डबी मिटून ठेवली. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि राग तर त्याच्याही आधी आला असता.

भावोजींना गाण्याचं वेड होतं म्हणणं म्हणजे माशाला पाण्याची आवड आहे म्हणण्यासारखं. पण गाणाऱ्यांचं त्यांना एवढं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव गाणी लिहिणाऱ्यांवर. “गळा काय, जन्मताना मिळतो,” ते म्हणायचे. “शब्द माणसाला स्वतः बसून बसवावे लागतात.” स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारे तिघे जण त्यांचे खास. पहिले मास्तर, शाळेतली नोकरी सोडून गाण्यांकडे वळलेले. दुसऱ्या डॉक्टरीणबाई, दातांच्या डॉक्टर. गाण्याच्या मधे थांबून पेशंटचे किस्से सांगायच्या आणि स्वतःच हसत सुटायच्या. तिसरा बोटवाला, बोटीवर स्वयंपाकी होता तिथे गाणी लिहायला शिकला. या तिघांपैकी कुणाचाही कार्यक्रम आसपास कुठे असला की दुकानाला कुलूप लागायचं. गिऱ्हाइकांनी बोंबाबोंब केली तरी हे ढिम्म.

आणि कार्यक्रमाला ताई हवीच. त्याचं कारण प्रेम होतंच, पण पर्सही होती. टेप आत नेऊ देत नसत. पुरुषांचे खिसे चाचपायचे, बायकांच्या पर्समध्ये कोण हात घालणार? त्यामुळे रेकॉर्डर ताईच्या पर्समध्ये, पर्स तिच्या मांडीवर, आणि चेन दोन बोटं उघडी. मी सोबत असले की मला दुसऱ्या बाजूला बसवायची, आडोसा म्हणून.

आता गंमत अशी, की ताईला गाणी नुसती ऐकता येत नसत. ती गुणगुणायची. तेही गाणाऱ्याच्या बरोबर नाही, जरा आधी. पुढची ओळ कुठली ते ठाऊक असायचं, आणि तिला धीर म्हणून नव्हता. गोष्ट सांगणाऱ्याच्या आधी शेवट सांगून टाकणारी मुलं असतात ना, तशी. मास्तर श्वास घेताहेत तोवर ही पुढच्या शब्दावर पोचलेली. टेप मांडीवर असल्यामुळे घरी येऊन लावलं की मास्तर दूर कुठेतरी आणि ताई अगदी कानाशी.

“अगं, गाणं त्यांचं आहे,” भावोजी वैतागायचे. “तू कशाला आधी पोचतेस?”

“जागा धरून ठेवते हो त्यांच्यासाठी,” ताई म्हणायची. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच.

मग भावोजी साफसफाईला बसायचे. एका टेपवर वाजवायचं, दुसऱ्यावर उतरवायचं. ताई आली की थांबायचं, तीच ओळ त्याच कार्यक्रमात पुन्हा कुठे आली असेल तिथून आणून जोडायची. आठवडा आठवडा लागायचा. पण काम असं, की जोड सापडू नये. त्यांची कॅसेट गाणंवेड्या मंडळींत प्रसिद्ध होती. “त्यांच्याकडची स्वच्छ असते,” लोक म्हणायचे, “खोकलासुद्धा नसतो.” सगळ्यांना ते हौसेने प्रती करून द्यायचे. स्वच्छ प्रत तयार झाली की मूळ कॅसेट पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा वापरायची, ही त्यांची पद्धत. मूळ म्हणून घरात एकही शिल्लक नव्हती.

तर आम्ही शोधायला बसलो. रविवारी दुपारी मी जायचे, ते चहा करून ठेवायचे. पहिल्या दिवशी चहात साखर नव्हती. मी तसाच प्यायले. कॅसेट लावायची, ऐकायचं, आणि दर थोड्या वेळाने भावोजी बोट वर करायचे. “इथे होती.” “इथे पण.” “इथे हसली होती, बोटवाल्याचा कोट वाऱ्याने उडाला तेव्हा.” दुसऱ्या कुणाला कळलं नसतं ते सगळं त्यांना कळत होतं. स्वतः घातलेला प्रत्येक टाका ते ओळखत होते. आणि मी कान टवकारून बसले तरी मला मात्र एकही टाका लागत नव्हता. त्यांचं काम खरंच इतकं चांगलं होतं.

तिसऱ्या रविवारी माझा तोल सुटला.

“माझीही बहीण होती ती,” मी म्हणाले. “तुमच्या मास्तरांना काय फरक पडला असता? जरा गुणगुणली असती मागे तर काय आभाळ कोसळत होतं?”

त्यांनी मान खाली घातली. “मला वाटायचं, ती आहेच की घरात. स्वयंपाकघरात गुणगुणतेय. टेपवर कशाला?”

मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. मी कप उचलून आत गेले आणि उगीचच नळ सोडून उभी राहिले.

परत आले तेव्हा ते म्हणाले, “बाकाच्या गाण्याचा कार्यक्रम आठवतो तुला?”

न आठवायला काय झालं? त्या दिवशी मी तिथेच होते, ताईच्या शेजारी. मास्तर तेव्हा थकले होते. ‘बाकाचं गाणं’ त्यांचं सगळ्यात लाडकं, स्टेशनवरच्या एका बाकावर दिवसभर कोण कोण बसून जातं त्याचं. शेवटच्या कडव्याशी आले आणि थांबले. गिटार चालू, तोंड बंद. पुन्हा फिरून आले, पुन्हा थांबले. लोक एकमेकांकडे बघेनात. मास्तर विसरले होते. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून ताईचा आवाज आला, गुणगुणण्याहून थोडा मोठा: “सरक ना थोडं, अजून एक जण बसेल.” मास्तरांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं, मान हलवली, आणि तिथून गाणं उचललं. शेवटी लोक उभे राहिले होते. ताई लाजून पर्समध्ये तोंड घालून बसली होती.

“ते पण काढलंत?” मी विचारलं.

“मास्तर विसरले हे लोकांच्या घरोघरी कशाला वाजायला हवं?” भावोजी म्हणाले. “आदल्या वर्षीच्या कार्यक्रमातून ते कडवं आणून बसवलं. फार मेहनत घेतली होती मी त्यावर.”

मी उठायला लागले. पण ते लगेच पुढे म्हणाले, “बँकवाले पण होते त्या दिवशी. तेही रेकॉर्ड करायचे. आमच्या मागच्याच रांगेत बसले होते. त्यांच्याकडे तिचा आवाज असणार.”

बँकवाले म्हणजे भावोजींचे जुने गाणंमित्र, निवृत्त कॅशियर. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. भावोजींनी दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता, फक्त त्याची कॉलर एका बाजूने आत दुमडून राहिली होती. ती बघून सारखी करणारं कुणी नव्हतं घरात. मी जिन्यात थांबवून सारखी केली.

बँकवाल्यांनी चांगलं स्वागत केलं. ताईबद्दल दोन शब्द बोलले, मनापासून बोलले. मग भावोजींनी विषय काढला.

“बाकाच्या गाण्याची ना?” बँकवाले उठले आणि कपाटातून कॅसेट घेऊन आले. “ही काय. जपून ठेवलीये.”

भावोजींनी हातात घेतली, उलटीपालटी केली. डबीवर त्यांचंच अक्षर होतं.

“ही मी दिलेली. तुमची स्वतःची हवीये.”

“माझी कशाला ठेवू? तुमची स्वच्छ आली, मग माझ्यावर मी नातवंडांची बडबडगीतं भरली. नुसता कचरा होता माझ्यात. माणसं, खुर्च्या.”

भावोजी डबीवरचं अक्षर बघत राहिले. मलाच राहवलं नाही. “त्या दिवशी मास्तर विसरले होते ना, तेव्हा ताईने ओळ सांगितली होती. तेवढंच ऐकायचं होतं आम्हाला.”

“विसरले?” बँकवाले हसले. “छे हो. मास्तर आणि विसरणार? मी होतो ना तिथे.”

“मी पण होते. तिच्या शेजारीच बसले होते.”

“दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात झालं असेल. या कार्यक्रमात मास्तर कुठेही अडकलेले नाहीत. शंभरदा ऐकलाय मी.” ते भावोजींकडे वळले. “काय हो, तुम्हीच सांगा यांना.”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “विसरले होते. तिनेच सांगितली ओळ. मी खोडली ती.”

बँकवाले भला माणूस. त्यांनी भावोजींच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “जपा त्यांना. असं होतं सुरुवातीला. माणूस गेलं की मन नाही नाही ते उभं करतं.”

घरी परतताना आम्ही चालतच निघालो. भावोजी रस्त्याच्या कडेकडेने, भिंतीला धरून चालल्यासारखे चालत होते. ‘तिचा आवाज गेला’ एवढंच नव्हतं आता. ती तिथे बसली होती, तिने एका थकलेल्या माणसाला हात दिला होता, हे आम्ही दोघं सोडून जगात कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांना ठाऊक होतं, पण ते तिच्या आधीच गेले होते.

“आता पुरे,” कोपऱ्यावर भावोजी म्हणाले. “पुढच्या रविवारी नको येऊस.”

मी तरीही गेले. तशी मी हट्टीच आहे. दुकान बंद होतं. हाक मारली, उत्तर नाही. दार लोटून मागच्या खोलीत गेले तर भावोजी जमिनीवर बसलेले, कान टेपला लावून. मला बघून त्यांनी हाताने जवळ बोलावलं.

“डॉक्टरीणबाईंचा कार्यक्रम,” ते म्हणाले. “दोन गाण्यांच्या मधलं. मधलं मी कधी नीट तपासलंच नाही. ऐक.”

त्यांनी आवाज सगळा वाढवला. डॉक्टरीणबाई कुठल्याशा अक्कलदाढेचा किस्सा सांगत होत्या. लोक हसले. हसू ओसरलं, बाई गिटारची तार पिळू लागल्या, आणि अगदी जवळून, कानात सांगावं तसा आवाज आला. ताईचा नव्हता. भावोजींचा होता, तरुण आणि चिडलेला.

“शूऽऽ. गप्प बस ना जरा.”

त्यानंतर काहीच नव्हतं. तार पिळली जात होती, दूर कुणीतरी खाकरलं, टेपची खरखर चालू होती.

“भावोजी, हा तर तुमचा आवाज आहे,” मी म्हणाले. मला त्यांची भीती वाटली जरा.

“माझाच आहे. तिने आधी काय गुणगुणलं ते काढलंय मी. हे काढायचं राहिलं.” त्यांनी कॅसेट मागे घेतली. न बघताही बटणांवर बोटं बरोबर पडत होती. “ते सोड. त्याच्यानंतरचं ऐक. इथून. मी गप्प बस म्हटलं आणि ती बसली. इथे मी काहीच कापलेलं नाही, धाकटे. कापण्यासारखं काही नव्हतंच. ही सगळी तीच आहे.”

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी पुन्हा लावलं. त्यांचा तरुण आवाज पुन्हा चिडला, आणि मग ताई गप्प बसली. आम्ही दोघं टेपला कान लावून तिचं गप्प बसणं ऐकत राहिलो. तिकडे डॉक्टरीणबाईंची तार जुळली, त्यांनी गाण्यासाठी श्वास घेतला. पहिला शब्द यायच्या आत भावोजींनी बटण दाबलं आणि कॅसेट मागे घेतली.