वाडी पडीक नाही

क्लिफर्डसरांनी कागद पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. "इथे सही करा, कमळीताई. जमिनीत तुमचाही हिस्सा आहे ना, म्हणून तुमची लागते."

ऑफिसातला एसी इतका गार होता की कमळीने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता. होळी गावातली बावीस गुंठ्यांची वाडी ती तीस वर्षं कसत होती. जमीन वडिलांची, सातबाऱ्यावर ती आणि धाकटा भाऊ भूपेश, दोघांची नावं. भूपेश सातिवलीच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर. लग्नानंतर तीन वर्षं तो अमेरिकेत नोकरीला होता, तेव्हा त्याची मुलगी सुरुची तिकडे जन्मली. तिचा पासपोर्टही तिकडचाच. आता तिला तिथल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि फीचा आकडा वाचून भूपेशच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पोरगी तिकडची नागरिक, म्हणून फीसाठी कॉलेजकडे मदत मागता येत होती. अर्ज भरून द्यायचं काम क्लिफर्डसरांचं.

"कॉलेजच्या लेखी तुम्ही परदेशात राहणारं कुटुंब," सर म्हणाले.

"आमी आमच्या घरात बसलोय," कमळी म्हणाली. "परदेशात ते हायत." मग ती शेजारी बसलेल्या भाचीकडे वळली. "काय लिवलंय गं यात?"

सुरुचीने मान खाली घातली. "जमीन पडीक आहे म्हणून लिहिलंय, आत्या. काही पिकत नाही, किंमत नाही."

"अहो, चहूबाजूंनी इमारती उठल्यात," सर समजावू लागले. "बिल्डरचा भाव दाखवला तर ते म्हणतील, विका आणि शिकवा. पडीक म्हटलं की विषय संपला. सगळे असंच करतात."

"मंग आज सकाळी मी बाजारात माठाच्या जुड्या न्हेल्या, त्या कुठनं आल्या?"

"ताई, एका सहीचा प्रश्न आहे," पलीकडे बसलेला भूपेश दबक्या आवाजात म्हणाला.

"माझी तीस वर्सं पडीक म्हून लिवतोस?" कमळी उठली. "बा असता तर तुला वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात बुचकळून काढला असता." सही न करताच ती जिना उतरली.

भूपेश चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी सुरुची एकटीच वाडीत आली. "अर्ज मीच भरते, आत्या. खरा. मला सगळं नीट सांग." तिने पानवेलीचे, केळींचे, सोनचाफ्याचे फोटो काढले. पाणी कुठून येतं विचारलं, तेव्हा कमळीने तिला बावखलाच्या, वाडीतल्या शेवाळलेल्या जुन्या तळ्याच्या, काठावर नेलं. सुरुचीने लिहिलं की जमीन दोघांची आहे, तिच्यावर आत्याचं पोट आहे आणि ती विकायची नाही. बाजारभावही तिने लपवला नाही.

महिन्याने उत्तर आलं. कुटुंबाकडे मोठी मालमत्ता असल्याने मदत थोडीच मिळेल.

"झालं तुझं समाधान?" भूपेश दारातूनच ओरडला.

त्या रात्री कमळी जागीच होती. आपल्या हट्टापायी पोरीचं शिक्षण बुडालं की काय? पण सकाळी तिने सुरुचीला बोलावलं. "परत लिव. नुसता आकडा बगितलाय त्यांनी. म्हनावं, आमच्याशी बोला."

सुरुचीने फेरविचाराची विनंती केली. एका संध्याकाळी कॉलेजातल्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. कमळी मुद्दाम वाडीतच बसली. बाईंनी विचारलं, जमीन विकता येणार नाही का, निदान थोडी?

"त्यांना सांग, विकली तर तू चार वर्सं शिकशील. पाचव्या वर्सी आत्यानं खायाचं काय?"

सुरुची घुटमळली.

"जसंच्या तसं सांग. घाबरतेस काय?"

तिने सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, मागे ती उंच चढलेली पानं कसली? कमळी विड्याच्या पानांबद्दल दहा मिनिटं बोलली आणि सुरुची भाषांतर करता करता दमली.

तीन आठवड्यांनी कॉलेजने कळवलं की वाडी हे उपजीविकेचं साधन आहे, ती मालमत्तेत धरणार नाही. मदत बरीच वाढली, पण पूर्ण मिळाली नाही. सुरुचीला तिकडे लायब्ररीत काम करावं लागणार होतं आणि राहिलेल्या पैशांसाठी भूपेशला कर्ज काढणं भाग होतं.

तो कामावरून थेट वाडीत आला. "सही केली असतीस तर कर्ज लागलं नसतं," तो म्हणाला. आवाजात राग उरला नव्हता.

"म्हायताय मना."

"आणि आता परत कोणी कागद पुढे केला तर?"

"तरी नाय करायची." कमळीने कोयता उचलला. "घड उतरवायचाय. खालून धर."

"ताई, कामावरचा शर्ट आहे. चिकाचे डाग पडतील."

"पडू देत," ती म्हणाली. भूपेशने बाह्या सरसावल्या आणि केळीखाली येऊन हात वर केले.