बारा जणांचा होकार

महिनाभरात एकानेही 'नाही' म्हटलं नाही. खरं तर तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्या लॉन्ड्रीत इस्पितळाच्या चादरी येतात. कुठली चादर कुठल्या वॉर्डाची, हे कोपऱ्यातल्या रंगीत दोऱ्याच्या टाक्यावरून ओळखायचं. टाका विटला की नवा घालायचा. मग साहेबांनी मला मुकादम केलं आणि यंत्र आणलं. चादरीवरचा छापील नंबर त्याच्यापुढे धरला की टूं वाजतं आणि वॉर्डाचं नाव दिसतं. "महिनाअखेर हे रुळलं नाही तर काम बाहेर देऊ," असं त्यांनी मला दार लावून सांगितलं. म्हणजे माझ्या हाताखालचे बाराही जण घरी बसणार. उगाच सगळ्यांच्या पोटात गोळा नको, म्हणून बाहेर येऊन मी एवढंच म्हटलं, "साहेबांची फार इच्छा आहे." बाराही माना हलल्या.

यंत्र म्हणत होतं, एकही चादर सुटत नाही. मग वेळ पूर्वीइतकाच का लागतो? दोऱ्याची रिळं संपतात कशी? माझं डोकं चालेना. घरी मी नवऱ्यावर खेकसत होते, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष!

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा विसरले म्हणून आत गेले, तर बाराही जण सुया घेऊन बसलेले. मधोमध माझी सख्खी मावशी, जिने मला हे काम शिकवलं.

"मावशी, हे काय चाललंय?"

"टाके घालतोय. डोळे आहेत ना तुला?"

"आणि यंत्र?"

"अगं, गठ्ठे लावून झाले की त्यालाही दाखवतो ना सगळं! तुझी मुकादमी जायला नको. त्या दिवशी बाहेर आलीस तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं तुझं. आम्हाला काय कळत नाही?"

मला राग आला. माझी नोकरी! मी त्यांच्या नोकऱ्यांसाठी झुरत होते, आणि ही माणसं माझ्यासाठी उपाशीपोटी शिवत होती. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं.

"झकास! काम आपल्याकडेच राहील," साहेब म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास सोडला. "पण एक कळत नाही. यंत्र आलं, तरी बारा माणसं दिवसभर गुंतलेली. एवढी लागतात का हो? की निम्म्यांत भागेल?"

टाके बंद केले तर सहा जण घरी जाणार. चालू ठेवले तर मी बदललं तरी काय?

"लागतात," मी म्हटलं. "बाराही लागतात."

"बघू. पुढच्या महिन्यात स्वतः येऊन उभा राहतो."

परत आले आणि या वेळी सगळं सांगितलं. काम बाहेर जाणार होतं ते, निम्म्यांचं ते, आणि मी काय थाप मारली तेही. कुणाचीच मान हलली नाही.

"आधीच का नाही बोललीस?" मावशी म्हणाली. मग सुई रिळात खोचून म्हणाली, "उद्यापासून काय करायचं मग? जुनं की नवं?"

मी तिच्याशेजारी बाकावर बसले.

"मला खरंच कळत नाहीये, मावशी. तुम्हीच सांगा."

बाराही जण एकदम बोलायला लागले.