डबीतला हमाल

माझी धाकटी जाऊ बाथरूममध्ये नळ सोडून बसते. आंघोळीला नाही, कपडे धुवायला नाही, नुसती बसते. आतून कडी घालून. बादली भरून वाहत असते आणि बाईसाहेब बाहेर येतात तेव्हा पावलंसुद्धा कोरडी. विचारलं की म्हणते, "पोट बरं नाही हो, जाऊबाई." पोट बिघडलेलं माणूस ताट चाटूनपुसून खात नाही, एवढं मला शाळेत न जाता कळतं.

आम्ही दोघी जावा. दोघींचे नवरे गेले, मुलं लांब गेली, राहिलं हे घर आणि पुढच्या खोलीतलं दुरुस्तीचं शिवणकाम. कुणाला पँट आखूड हवी, कुणाला चेन बदलून हवी, कुणी स्वतः फुगून येतं आणि कापड आटलं म्हणून सांगतं. मशीन माझं, हातशिलाई धाकटीची. चुकलेली शिवण ती उसवते आणि त्याच भोकांतून सुई घालून अशी परत शिवते, की पहिली शिवण कुठली आणि दुसरी कुठली ते मलाही सांगता येत नाही. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. लगेच डोक्यावर बसेल.

मध्यंतरी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी काळा चष्मा दिला आणि शिवणकाम बंद केलं, वाकणं बंद केलं आणि माझी डबीही बंद केली. शिवणकामाचं मी ऐकून घेतलं. डबीचं जिवाला लागलं.

डबी म्हणजे हातात धरून खेळायचा गेम. माझ्या लेकीने आणून दिला, "आई, जरा कुणावर तरी दुसऱ्यावर ओरड" म्हणून. आत एक चिमुकला हमाल आहे. त्याने खोलीतले खोके ढकलत खुणेच्या जागी न्यायचे. सगळे लागले की पुढच्या खोलीचं दार उघडतं. मी आधी नाक मुरडलं. मग दुपारचा चहा गार होऊ लागला.

पण ज्याने हा गेम केला त्याने जन्मात एक कपाट तरी सरकवलंय का, देव जाणे! हमालाला खोका ढकलता येतो, ओढता येत नाही. का? दोन हात दिलेत ना त्याला? खोका एकदा कोपऱ्यात गेला की संपलं, एक पाऊल मागे घ्यायची सोय नाही, सगळी खोली पहिल्यापासून. अंगठा बटणावर जरा रेंगाळला की हा शहाणा एक घर जास्त चालतो. उजवीकडचं बटण चिकटतं ते वेगळंच. आणि खोली पहिल्यापासून सुरू झाली की एक चिरकी पिपाणी वाजते. आवाज कितीही कमी करा, पिपाणी ती पिपाणी.

सगळ्यात वाईट तर सुरुवातीलाच. अक्षरं मुंगीएवढी आणि इंग्रजी. मला आपलीच अक्षरं जुळवून वाचावी लागतात. वरची ओळ जुना डाव, खालची नवा, हे मी जागेवरून ओळखते. पण बाण आपोआप कुठे येऊन बसतो? खालच्या ओळीवर! तिथे चुकून दाबलं की जुना डाव पुसून साफ. "बाई, खरंच पुसू का?" एवढंही विचारत नाही. आम्ही गिऱ्हाइकाची बाही कापताना दोनदा विचारतो.

तरी मी शेवटच्या आधीच्या खोलीपर्यंत पोचले होते. लेकीलाही ते जमलं नव्हतं. काळ्या चष्म्याआड मी मनातल्या मनात तेच खोके सरकवत पडलेली असायची.

आणि इकडे धाकटीची ही थेरं. अंगठ्याला चिकटपट्टी. "सुई लागली," म्हणे. सुई अंगठ्याच्या पेरावर कशी लागते? मग एके सकाळी माळ्यावरची तिची बॅग खाली आलेली दिसली. तिचा मुलगा कधीपासून तिला बोलावतोय. त्याच्याशी फोनवर बोलताना मी ऐकलं, "येईन रे, आधी इथलं उरकू दे."

इथलं म्हणजे काय? मी? माझे डोळे बरे झाले की हिची सुटका, असंच ना? मी तिला काही विचारलं नाही. जाणाऱ्याला अडवायची मला सवय नाही. फक्त त्या दिवशी जेवण उतरलं नाही.

काल डोळे तपासून झाले, चष्मा सुटला. घरी आले तर ही परत बाथरूममध्ये, नळ धो धो. मी म्हटलं, आज दार वाजवतेच. तेवढ्यात टाकी रिकामी झाली. नळाने एक उचकी दिली आणि बंद पडला. आणि त्या शांततेत आतून, माझ्या ओळखीची, चिरकी पिपाणी!

"कडी काढ!"

कडी निघाली. पालथ्या बादलीवर बसलेली धाकटी, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली माझी डबी.

"जाऊबाई, ओरडू नका, सांगते."

"अजून ओरडले कुठे? तयारी चाललीय."

"तुमचं ते चिकटणारं बटण. म्हटलं, तुम्ही पडून आहात तोवर साफ करून ठेवावं. सुईने धूळ काढली. बटण चालतं का बघायला दाबलं, आणि... पहिली खोली आली."

माझ्या डोळ्यांपुढे तो बाण आला, खालच्या ओळीवर बसलेला.

"म्हटलं, चष्मा सुटेपर्यंत तुमचा डाव होता तिथे नेऊन ठेवू. शिवणीसारखं. तुम्हाला कळणारही नाही. पण तो मेला हमाल एक घर जास्तच जातो हो!"

"आणि बॅग?"

तिने पदर डोळ्याला लावला. "कळलं तर तुम्ही मला घरात ठेवाल का? म्हणून आधीच काढून ठेवली."

म्हणजे इतके दिवस ती माझ्या तोंडाला भीत होती आणि मी तिच्या बॅगेला. मी डबी हातात घेतली. हमाल गेममधल्या पाणी भरलेल्या खोलीत उभा होता, माझ्या डावाच्या अर्ध्या वाटेवर. एक खोका कोपऱ्यात रुतलेला. तीच चूक मी तिथे पहिल्यांदा केली होती, पण ते हिला सांगायचं काही कारण नाही. उजवं बटण मात्र लोण्यासारखं चालत होतं.

मी डबी तिच्या हातात परत दिली, दुसरी बादली पालथी घातली आणि तिच्याशेजारी बसले.

"ऐक," मी म्हटलं. "बटण तू झकास केलंस. हातात तुझ्या कला आहे, ते आज एकदा सांगते, परत विचारू नकोस. पण डोक्याने तू ठार ढ आहेस. आणि असली ढ बाई मी कुणाकडे राहायला पाठवणार नाही, मुलाकडेसुद्धा नाही, उगाच माझं नाव खराब होईल. बॅग माळ्यावर टाक. आणि ही खोली पहिल्यापासून लाव. तो खोका आधी वर घे, मग उजवीकडे. अंगठा उचल लवकर! उचल म्हटलं ना!"