ठकूची किडनी

माझी नणंद एकतीस वर्षांची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे, आणि घरात, कामावर, दवाखान्यात सगळे तिला ठकू म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं मला बाजूला घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "दादा घोरतो. आधीच सांगून ठेवते, नंतर तक्रार नको." तेव्हापासून आमचं गूळपीठ जमलंय.

ठकू लॉन्ड्रीत कामाला आहे. हॉटेलांच्या चादरी तिथे पोत्यांनी येतात. धुतलेली चादर गरम रोलरमधून बाहेर आली की एक टोक ठकू धरते, दुसरं तिचा जोडीदार लंबू. ती त्याच्या कोपराएवढी, पण घडी घालताना हुकूम तिचाच. एवढासा जरी डाग दिसला तरी "हिला परत आंघोळ" म्हणून चादर माघारी.

साडेतीन वर्षांपूर्वी तिच्या किडन्यांनी हात टेकले. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. चार-चार तास मशीनला जोडून बसायचं. ठकूनं तिथेही आठवड्याभरात बस्तान बसवलं. कोणाला गार वाजतं, कोणाला खिडकीजवळची खुर्ची हवी असते, सगळं तिला पाठ. पण ती वाळत चालली होती. एक दिवस लंबूच मला म्हणाला, "वहिनी, चादर आता तिला जड जाते."

त्याच दिवशी नवऱ्यानं जाहीर केलं, "मला दोन आहेत. एक तिला." तपासण्या झाल्या, जुळलं. डॉक्टर एवढंच म्हणाले की त्यानं नऊ किलो वजन उतरवायचं. आम्हाला वाटलं, अडचण काय ती हीच.

पण ठकूची फाइल आधी रुग्णालयाच्या समितीपुढे जायची होती. छोटी खोली, लांब टेबल, टेबलापलीकडे तिघं. त्यांतल्या चष्मेवाल्या डॉक्टरांनी ठकूला एकच प्रश्न विचारला, "शंभरातून सात गेले. किती?"

ठकूनं विचार केला. "कुठे गेले?"

मला हसू आवरेना. त्यांनी मात्र कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं सगळं नवऱ्याशी बोलले, जणू ठकू खोलीत नव्हतीच. "प्रत्यारोपणानंतर रोज ठरल्या वेळेला गोळ्या, आयुष्यभर. हे हिला झेपणार नाही. तुम्ही धडधाकट माणूस आहात. अशा केसमध्ये किडनी वाया जायची शक्यता जास्त."

माझा नवरा बोलघेवडा माणूस. त्या दिवशी त्यानं नुसती फाइल उचलली आणि दार उघडलं.

जिना उतरताना ठकूनं विचारलं, "वहिनी, वाया म्हणजे चादर फाटल्यावर म्हणतात तसं?"

मी मोटार ड्रायव्हिंग शिकवते. ज्यांना डावं-उजवं कळत नाही अशा माणसांना रोज स्टिअरिंगवर बसवते, आणि त्यांना लायसन्स मिळतंसुद्धा. डावं-उजवं कळणारी ठकू मात्र नापास. मी तिचा हात घट्ट धरला आणि आम्ही तिघं बसस्टॉपवर येऊन नुसते उभे राहिलो. पहिली बस आली तशी गेली.

डायलिसिसच्या मोठ्या सिस्टरना कळलं तेव्हा त्यांनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. "लेखी मागा," त्या म्हणाल्या. "तोंडी नकार वाऱ्यावर जातो. कारणासकट लेखी मागा."

मागितलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. कारण एका ओळीत होतं: बौद्धिक अपंगत्वामुळे औषधोपचार पाळण्याबाबत शंका. सिस्टरनी रुग्णालयाचीच नियमावली उघडून पानावर बोट ठेवलं. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही प्रत्यारोपण नाकारू नये, असं तिथे स्वच्छ छापलेलं होतं. मग त्यांनी ठकूचं रजिस्टर काढलं. एकोणीस महिने, दोनशे चाळीसच्या वर फेऱ्या. एकही चुकलेली नाही. "या वॉर्डात असं दुसरं रजिस्टर मला दाखवा," त्या म्हणाल्या, आणि त्याची प्रत फेरविचाराच्या अर्जाला स्वतः टाचली.

तारीख मिळेपर्यंत घरात वेगळाच कारभार सुरू झाला. दादाचं वजन ठकूनं ताब्यात घेतलं. रोज संध्याकाळी ती त्याला तळ्याकाठी चालायला न्यायची. स्वतः बाकावर बसायची आणि तो फेरी मारून आला की बोट वर करायची. "अजून एक."

"ठके, दम लागलाय गं!"

"बोलता येतंय ना? मग दम नाही लागलेला."

बिस्किटांचा डबा तिनं लंबूच्या घरी नेऊन ठेवला. लंबूचं वजन दोन किलो वाढलं, दादाचं नऊ उतरलं. काट्यावर आकडा दिसला तेव्हा नवऱ्यानं तिला उचलून गोल फिरवलं आणि दोघंही सोफ्यावर कोसळले.

दुसऱ्या बैठकीला अध्यक्ष नवीन होत्या. पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई. सोबत लंबू आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, घामानं डबडबलेला. बाईंनी खुर्ची ओढली आणि सरळ ठकूसमोर बसल्या.

"ऑपरेशनमध्ये काय होणार, तू सांग."

"दादाची किडनी काढणार. माझ्या पोटात ठेवणार. इथे." ठकूनं नेमकी जागा दाखवली. "दोघांना दुखणार. दादा जास्त ओरडणार."

"आणि गोळ्या कशाला?"

"किडनी पाहुणी आहे. माझं शरीर म्हणणार, ही कोण? हो बाहेर. गोळी त्याला गप्प बसवते. सकाळी आठ, संध्याकाळी आठ."

"बरं वाटायला लागलं की बंद करायच्या?"

ठकूनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "अहो, बंद केल्या तर ते परत भांडणार ना!"

बाईंच्या ओठांवर हसू आलं. चष्मेवाले डॉक्टर खाकरले. "पण उद्या भाऊ-वहिनी नसले तर हिच्याकडे कोण बघणार?"

मी विचारलं, "हा प्रश्न तुम्ही प्रत्येक पेशंटला विचारता?"

ते फाइलची पानं चाळू लागले. तेवढ्यात लंबू उभा राहिला. तो चारचौघांत तोंड उघडत नाही. "मी आहे," तो म्हणाला. "लॉन्ड्रीत आम्ही सात जण आहोत. आणि खरं सांगू का, साहेब? तीच आमच्याकडे बघते." एवढं बोलून तो असा झटकन बसला की खुर्ची करकरली.

चौथ्या दिवशी फोन आला. मी शिकाऊ माणसाला चढावर गाडी थांबवायला शिकवत होते. "मंजूर," सिस्टर ओरडल्या. मीही ओरडले. शिकाऊ माणसानं घाबरून ब्रेक दाबला आणि मागच्यानं हॉर्न. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या अनोळखी माणसाला सांगितलं, "माझ्या नणंदेला किडनी मिळाली!" तो बिचारा हॉर्न वाजवायचा थांबला आणि अंगठा दाखवला.

ऑपरेशन झालं. त्यानंतरची सकाळ मी जन्मात विसरणार नाही. ठकूच्या खाटेला लघवीची पिशवी टांगली होती आणि ती भरत होती. जवळजवळ दोन वर्षं थेंब-थेंब होतं, आता पिशव्या बदलाव्या लागत होत्या. सिस्टर आल्या, बघून टाळी वाजवली. सर्जन आले, खाली वाकून पिशवीकडे असे पाहत राहिले जसं कोणी बाळाकडे पाहतं. मी नवऱ्याला चाकांच्या खुर्चीतून ढकलत आणलं. तो पोटाला उशी धरून, दर वळणाला "आई गं" करत आला आणि पिशवी बघून ढसाढसा रडला.

"रडू नको, टाके दुखतील," ठकू म्हणाली. "तुझी किडनी चांगली आहे. तुझ्यासारखी आळशी नाही."

तो हसला, आणि हसल्यावर टाके जास्तच दुखले.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. समितीच्या अर्जावर बुद्धिमत्तेचा एक रकाना होता, तो काढून टाकला, असं सिस्टर सांगतात. कोणी काढला ते त्या सांगत नाहीत, पण पिकल्या केसांच्या बाईंचं नाव घेताना त्यांचा चेहरा खुलतो.

परवा दुपारी घरी फोन वाजला. दुसऱ्या शहरातली एक बाई. नंबर तिला सिस्टरनी दिला होता. तिचा चाळिशीचा भाऊ, ठकूसारखाच डाउन सिंड्रोम असलेला, त्याचं यकृत निकामी झालंय, आणि तिथल्या डॉक्टरांनी ठकूच्या बाबतीत ऐकवलं तेच वाक्य तिलाही ऐकवलं. बोलता-बोलता तिचा आवाज फाटला. मी "लेखी मागा" म्हणून सुरुवात करणार, एवढ्यात ठकूनं माझ्या हातातून फोन घेतला.

"ताई, तुम्ही थांबा जरा," ती म्हणाली. "पेशंट कुठे आहे? त्याला द्या फोन. मला त्याच्याशी बोलायचंय."

आणि तिनं पाय वर घेऊन सोफ्यावर बैठक मारली. पाऊण तास बोलत होते दोघं. मधेच ती इतकी खदखदून हसली की दादा आतून बघायला आला.