नानांचा नवसागर

सासरा दुकानात येऊन बसू नये. बसलाच, तर त्याच्या हाती सोल्डरिंग आयर्न लागू नये.

माझं वाकोल्यात अ‍ॅम्प्लिफायर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. नाना, म्हणजे माझ्या बायकोचे, जानकीचे वडील, गिरणी बंद पडल्यापासून भजनीबुवा. यंदा डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, त्यांच्यासमोर कुर्ल्याचे धोंडूबुवा होते. आजवर प्रत्येक बारीत धोंडूबुवांनीच नानांना लोळवलेलं. त्यात छातीच्या ऑपरेशननंतर नानांचा आवाज बसला होता. माइक नसेल तर पेटीवाल्यालाही ऐकू जाणार नाही, इतका.

नानांच्या भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आला होता. आतला सोल्डरचा एक टाका सुटला होता. सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो राळेचा फ्लक्स मी काढला, तर नाना हसले.

"ह्या काय रे? नुसतो धूर! नवसागर लाव, चांदीसारख्या चमकात. माझ्या बापाशीन अख्ख्या गावाच्या भांड्यांक कल्हई केली. एक तरी भांडा तक्रार घेवन इला?"

"नाना, भांड्यात करंट नसतो. राळ टाका जोडून देते आणि गप्प बसते. नवसागर तांबं साफ करतो आणि मग तेच खात बसतो."

मी जेवून आलो तर अ‍ॅम्प्लिफायर गायब. नानांनी टाका मारून मंडळाच्या खोलीत नेऊनसुद्धा ठेवलेला. कशानं जोडला विचारलं तर म्हणाले, "आता तू माका शिकवतलंस?" खोलीची किल्ली त्यांच्याच कमरेला. जानकी म्हणाली, "बाबांशी वाद घालू नकोस." मी नाही घातला. संताप मात्र झाला.

बारीच्या दिवशी संध्याकाळी माइक तपासताना अ‍ॅम्प्लिफायर खरखरला आणि मेला. नानांचा चेहरा उतरला. तो बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी स्टेजवरच झाकण उघडलं. टाक्याभोवती हिरवट बुरशी धरलेली, खालची, करंट वाहून नेणारी तांब्याची रेघ कुरतडलेली. ब्रश आणि स्पिरिटनं सगळं घासलं, तुटल्या जागी तार टाकली, राळ लावून जोडली. "नाना, नवसागर!" माझ्या तोंडून निघालंच. समोर धोंडूबुवा मांडी घालून मजा बघत होते, आणि नानांचा बाप कल्हईवाला हे त्यांना ठाऊक होतं.

माइक चालला. बारी रंगली आणि धोंडूबुवांनी गजरातून टोला हाणलाच: बापाची कल्हई लेकानं उडवली, भर स्टेजवर इज्जत गेली!

लोक खदाखदा हसले. मला वाटलं, आता नाना सगळं माझ्यावर ढकलणार. आजवर चूक कबूल केलेला माणूस नव्हेच तो. नानांनी माइक ओठांशी धरला.

"नवसागर मी फासला बुवा, जावयानं लावली राळ,
तुझा तुटका सूर जोडाया पुरेल का रे टाळ?"

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. धोंडूबुवांनी टाळ खाली ठेवले. बारी नानांची. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू!

बारी संपल्यावर मी वाकून पाया पडलो. नाना कानाशी पुटपुटले, "उगाच फुगान जाव नको. राळेक टाळाचा यमक जुळता म्हणान म्हटलंय. नवसागराक काय जुळता?"