नावाआधीचा थांबा

पद्मावती साळवे यांनी चौदा महिन्यांत देवाचे नाव एकदाही उच्चारले नव्हते. या काळात त्यांची जेवणाआधीची प्रार्थना एकदाही चुकली नव्हती.

प्रार्थना त्या मोठ्याने करत. अन्नाबद्दल आभार मानत, आजाऱ्यांची आठवण करत, पुण्यातल्या मुलाला सांभाळ म्हणत; आणि जिथे ‘प्रभू येशूच्या नावाने मागते’ असे यायला हवे, तिथे थांबत. थांबा साधारण तीन सेकंदांचा असे. मग ‘आमेन’. आरंभीची हाकही गेली होती. पत्ता नसलेल्या पत्रासारखी प्रार्थना थेट मजकुरापासून सुरू होई.

हे त्यांच्या मुलीच्या, आसावरीच्या, लक्षात यायला पाच महिने लागले. ती औषधांची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती, आणि देवावरचा विश्वास तिने कॉलेजात असतानाच, कोणाशी भांडण न करता, सोडला होता. वडिलांना, सूर्यकांत साळव्यांना, उपचारांसाठी नगरहून बेंगळुरूला आणले होते. ते गेले, आणि आई तिच्याकडेच एचएसआर लेआउटमध्ये राहिली.

त्या नावाबाबत पद्मावतीबाई पहिल्यापासून काटेकोर होत्या. दूध उतू गेले तरी ‘अगं बाई’ म्हणत, ‘अरे देवा’ नाही. लहानपणी आसावरीच्या तोंडून ते निघालेच, तर हातातले काम थांबवून विचारत, “हाक मारलीस ना? मग काम सांग.” शपथ तर त्या घरात शिवीच्या रांगेत बसवलेली होती. म्हणूनच आताचे मौन आसावरीला भक्तीचा भाग वाटेना; तिला ती झीज वाटली. पद्मावतीबाईंची थोरली बहीण शेवटी पोटच्या मुलांची नावे विसरली होती.

आसावरीने रीतसर तपासणी केली. आईला वर्तमानपत्र वाचायला लावले, नगरच्या शाळेतल्या सहशिक्षिकांची नावे विचारली, मागच्या आठवड्यातल्या भाज्या विचारल्या. सगळे अचूक. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका मराठी कुटुंबाकडे महिन्यातून एकदा प्रार्थनासभा भरे. तिथे आई गाणी पाठ म्हणायची आणि नाव आले की ओठ मिटायची. कामाला येणाऱ्या गंगव्वाने भांडी घासता घासता निदान केले की अम्मांनी हरके, म्हणजे नवस, धरला असणार, आणि अशा वेळी अक्काने स्वल्प गप्प बसावे. आसावरी गप्प बसली नाही. तिने हेब्बाळच्या एका मेंदूतज्ज्ञाची वेळ घेतली. मेंदूच्या चित्रांत काही सापडले नाही, तरी ही विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असू शकते असे त्यांचे म्हणणे पडले. स्मरणाच्या गोळ्या सुरू करायच्या की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचे होते.

रविवारी जेवताना पद्मावतीबाईंनी स्वतःच विचारले की डॉक्टर मला वेडी ठरवणार आहेत का. आसावरीला त्यांची समजूत काढायची होती, आणि प्रयोगशाळेतल्या मराठी मुलींच्या बोलण्यातला शब्द सहज जिभेवर आला.

“देवाशप्पथ, आई, काही वाईट निघालेलं नाही.”

पद्मावतीबाईंनी घास ताटात परत ठेवला.

“शपथ घेऊ नकोस, आसा. एकदा मला घ्यायला लावलीस, तेवढी पुरे.”

कधी, असे आसावरीने विचारले, आणि विचारतानाच तिला चौदा महिन्यांपूर्वीचा दवाखान्याचा व्हरांडा दिसू लागला. सुशांत, तिचा भाऊ, वडिलांशी सहा वर्षे बोलत नव्हता. येणार नाही, असे त्याने दोनदा कळवले होते. वडील मात्र दर तासाला विचारत होते. तेव्हा आसावरीनेच आईला बाजूला घेऊन सांगितले होते की तो निघालाय म्हण, ते शांत झोपतील. आणि त्यांना खरे वाटत नसेल तर शपथेवर सांग. तू कधी शपथ घेत नाहीस, तुझ्यावर विश्वास बसेल. एक वाक्य तर आहे.

“ह्यांनी विचारलं, पद्मा, खरं?” पद्मावतीबाई ताटाकडे बघत सांगत होत्या. “मी ते नाव घेऊन सांगितलं, खरं. मग ह्यांनी इंजेक्शन घेतलं नाही. झोप लागली तर पोराला बघायचं राहील म्हणाले.”

ते आसावरीला ठाऊक होते. रुग्णाने वेदनाशामक नाकारल्याच्या कागदावर तिनेच सही केली होती. नाकारण्याचे कारण तिने विचारले नव्हते. सूर्यकांतराव त्यानंतर वीस तास जगले, आणि त्यातला बराच वेळ ते दाराकडे बघत होते.

“मग तेव्हाच खरं का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? ते नाव घेऊन खोटं बोलले, असं? त्या अवस्थेत?”

मग आसावरीने आपला अजिबात विश्वास नसलेली गोष्ट सुचवली: तुमच्यात क्षमा असते ना, आई. माग की.

“ती त्याच नावाने मागावी लागते, गं,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “आणि ते नाव मी कशासाठी वापरलं ते त्याला माहीत आहे. परत तोंडावर आणायची मला लाज वाटते.”

आसावरीने या विधानात चूक शोधली. त्यातली गृहीतके तिला मान्य नव्हती. पण ती धरली, तर निष्कर्ष बिनचूक होता.

सोमवारी तिने डॉक्टरांना कळवले की गोळ्या नकोत. कारण सापडले होते. पद्मावतीबाईंच्या स्मरणात कसलीही झीज नव्हती. चाळीस वर्षे जपलेले नाव त्यांनी एकदा खोट्यासाठी खर्च केले होते, त्या खोट्यापायी त्यांच्या नवऱ्याने वीस तास उघड्या डोळ्यांनी वेदना सोसल्या होत्या, आणि ते नाव खर्च करायला त्यांना आसावरीने सांगितले होते.